ॲडमिरलचा वरचा ओठ

रद्दीच्या गठ्ठ्यावर ॲडमिरल पडला होता. दादाच्या घराच्या दारातच, चपलांच्या रॅकला टेकून जुनी वर्तमानपत्रं सुतळीनं बांधून ठेवलेली, आणि त्यांच्यावर तो लांबट खोका. झाकणावरच्या चित्रातला ॲडमिरल जिन्याच्या छताकडे बघत होता. धाकटीचं बोट बेलवर गेलेलं होतं, ते तिथंच राहिलं. ती छप्पन्न वर्षांची होती. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिची तीस वर्षं झाली होती, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले होते. पण तिला धाकटी म्हणणाऱ्या माणसांपैकी दादा अजून होता, म्हणून ती अजून धाकटी होती. तिनं खोका उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या हातात येत होता, आणि तोही असा, कुणी न देता. बावीस वर्षं तो दादाच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात होता. दादानं चाळीसेक पुतळे जोडले होते, प्लास्टिकच्या सुट्या भागांतून, वीतभर उंचीचे, घोडेस्वार, तोफची, राजे, एक झोपलेला पहारेकरीसुद्धा. ते सगळे काचेच्या कपाटात ओळीनं उभे होते. ॲडमिरल मात्र त्यानं निवृत्तीसाठी राखून ठेवला होता. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून तो निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आता निवृत्तीला चौथं वर्ष चालू होतं.

वहिनीनं दार उघडलं, धाकटीच्या हातातला खोका पाहिला आणि आवाज खाली आणला. "काल त्यांनीच काढून ठेवलाय. मी काही बोलले नाही, तूही बोलू नकोस." पण धाकटी खोका काखेत घेऊनच आत गेली. दादा खिडकीजवळ बसला होता, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून, जसं एखाद्यानं वळवळणारं काहीतरी पकडून ठेवलंय. "ठेव तो बाहेर," तो म्हणाला. "झगा वाकलाय त्याचा. बावीस उन्हाळे लागलेत प्लास्टिकला. दोन अर्धे एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. आता ते कुणाच्याही हातून सरळ व्हायचं नाही."

"माझ्या हातून होईल," धाकटी म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण हे म्हणालो. दादा हसला, वाईट हसला नाही, लहान मुलानं आपण मोठेपणी विमान चालवणार असं सांगितल्यावर मोठी माणसं हसतात तसा. त्या हसण्याचा तिला राग आला नाही. ती फक्त खोका घेऊन घरी गेली. बसमध्ये मांडीवर धरून बसली. शेजारच्या बाईनं चित्राकडे बघून विचारलं, "नातवाला का?" "नाही, मला," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघताना आपल्याच उत्तरातला ठामपणा तिला थोडा मजेशीर वाटला. पण तो खरा होता. प्लास्टिक म्हणजे तिचा रोजचा संसार होता. लॅबमध्ये तिसऱ्या मजल्यावर उत्तरेकडच्या खिडकीशी तिचं बाक होतं, आणि त्यावर रोज अनोळखी माणसांचे जबडे येत, प्लास्टरमध्ये ओतलेले. माणूस तिला कधी दिसत नसे. पण जबडा हातात घेतला की तो कुठल्या बाजूनं चावतो, त्याला झोपेत दात खायची सवय होती का, तो हसताना तोंडावर हात ठेवत असणार का, हे तिला सांगता येई, आणि डॉक्टर कधी फोनवर बोलले तर बहुतेक वेळा तिचं बरोबर निघे. गरम पाण्यात काय मऊ होतं, किती मऊ होतं, आणि किती वेळ धरलं की आपला जुना आकार विसरतं, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. लग्न तिनं केलं नव्हतं. राहून गेलं असंही नव्हतं. तिला तिचं घर आवडायचं, सकाळी सहाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावर पडणारा उजेड आवडायचा.

त्याच उजेडात तिनं दुसऱ्या दिवशी खोका उघडला. सात चौकटी होत्या, प्रत्येक चौकटीत प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले भाग, बाजूला बारीक आकडे, सगळे मिळून एकशे अठरा. झाडाला फळं लागावीत तशी हातांची बोटं, बटणं, बुटांच्या टाचा, दुर्बिणीच्या नळ्या. तिनं मोजणी केली, एकही कमी नव्हता. मग तिनं ते केलं जे दादानं कधी आधी केलं नसतं: चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुतल्या. साच्यातून माल सुटावा म्हणून कारखान्यात तेल लावतात, ते राहिलं तर पुढे काहीच धरत नाही. दादा ते रंगाच्या आधी शेवटी धूत असे, हे तिला आठवलं, आणि आपल्याला ते इतकं स्पष्ट आठवावं याचं तिला नवल वाटलं. ती नऊ वर्षांची असताना दादा चौदाचा होता. खिडकीखाली त्याचं टेबल होतं, आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून ती उभी राही. आकडे वाचून दाखवायचं काम तिचं होतं. डिंकाचं झाकण लावायचं काम तिचं होतं. भागांना हात लावायचा नाही. एका दुपारी तो शाळेत असताना तिनं तोफेचं एक चाक बसवलं, चोवीस आऱ्यांचं, इतकं सरळ की तोफ टेबलावर ढकलली तर चाललीसुद्धा. दादा आला, त्यानं बघितलं, चाक उपटलं, डिंक खरवडला आणि तेच चाक तसंच पुन्हा स्वतः बसवलं. तिला तेव्हा रडू आलं होतं का, हे ती आता आठवून बघत होती, पण आठवत होता तो फक्त खरवडण्याचा आवाज.

झग्याचे दोन अर्धे तिनं एकमेकांना लावून पाहिले. खालच्या टोकाशी बोटभर फट. तिनं पातेल्यात पाणी ठेवलं, वाफ येईल पण उकळी फुटणार नाही इतपतच गरम, त्यात झगा सोडला, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि बाहेर काढून दोन्ही अंगठ्यांनी हळूच उलटा वळवला. थोडा जास्तच वळवला, कारण सोडल्यावर तो परत येणार होता, किती परत येणार होता तेही तिला माहीत होतं. चौथ्या खेपेला दोन अर्धे भेटले. नखसुद्धा जात नव्हतं मधे. सकाळचे सात वाजले होते. तिनं लगेच दादाला फोन लावला.

"झगा भेटला," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "घाईनं चिकटवू नकोस. आतला कोट आधी. त्रेचाळीस नंबरच्या आधी एकेचाळीस घे, पुस्तिकेत उलटं छापलंय."

त्यानंतर रोज सकाळी फोन. वहिनीनं एकदा हळूच सांगितलं की सात वाजायच्या आधीच ते फोन मांडीवर घेऊन बसतात. धाकटी विचारी, तो सांगे. पातं भागाला अगदी लावून कापायचं नाही, थोडं बाहेर कापून उरलेलं घासायचं. जोडाची रेघ कोटाच्या शिवणीवर येत असेल तर राहू द्यायची, गालावर येत असेल तर एक कणही नाही. तिला यातलं निम्मं आधीच कळत होतं, पण ती ऐकून घेई, कारण त्याच्या आवाजात जुना चौदा वर्षांचा मुलगा परत आला होता आणि या वेळी तो तिला टेबलापाशी बसू देत होता. रविवारी ती जोडलेलं घेऊन त्याच्याकडे जाई. तो डाव्या हातानं धरून उजेडात फिरवी, डोळे बारीक करी, आणि म्हणे, "हं." दादाचं "हं" म्हणजे काय, हे ओळखायला घरातल्या माणसांना वीस वर्षं लागली होती. हे चांगलं "हं" होतं.

भांडण झालं ते चेहऱ्यावरून. खोक्यात आठ पानांची पुस्तिका होती, ॲडमिरलचं चरित्र, बारीक टाइपात. दादाला ती पाठ होती: कुठल्या सालची लढाई, कुठल्या वाऱ्यानं जहाजं वाचली, आणि शेवटचा प्रवास, ज्यात साठीला टेकलेल्या ॲडमिरलनं बर्फात अडकलेल्या दोनशे खलाशांना परत आणलं. पुतळा त्या शेवटच्या प्रवासातला होता. धाकटी ती पुस्तिका बसमध्ये वाचत होती आणि पाचव्या पानावर थांबली. चौतिसाव्या वर्षी तुटलेल्या डोलकाठीचा दांडा तोंडावर बसून ॲडमिरलचे वरचे सगळे दात गेले होते. तेवढंच, एका वाक्यात. तिनं पिशवीतून चेहऱ्याचा भाग काढला, रुमालात गुंडाळलेला, आणि बघत राहिली. भरदार, ताठ वरचा ओठ, नाकाखाली सरळ उतरलेला. या ओठामागे सोळा दात होते. निदान चौदा. पंचवीस वर्षं दात नसलेल्या माणसाचं तोंड असं नसतं, हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं तिला दुसरं काहीच माहीत नव्हतं.

रविवारी तिनं ते दादाला सांगितलं. "ओठ आत जायला पाहिजे. नाकाचं टोक खाली येतं, हनुवटी पुढे आणि वर येते, इथं कोपऱ्यात दोन घड्या पडतात. हा चेहरा चाळिशीतला आहे, तोही कवळीसकट."

"शिल्पकारानं अभ्यास करून केलंय ते."

"पाचवं पान वाचलं नसेल त्यानं."

"खोक्यावर चित्र आहे, धाकटे. जगभर हाच चेहरा माहीत आहे लोकांना." दादाचा हात सुटला होता आणि गुडघ्यावर थडथडत होता. "तुझं काम दात बसवायचं. याचे काढू नकोस." वहिनीला हसू आलं, मग तिनं आवरलं. धाकटीही हसली असती एरवी. विनोद चांगला होता. पण दादा हसत नव्हता. तो चेहऱ्याच्या त्या तुकड्याकडे बघतही नव्हता, खिडकीबाहेर बघत होता, आणि म्हणाला, "तसलं तोंड मला घरात नको."

घरी जाताना ती एक स्टॉप आधी उतरली आणि चालत गेली. 'तसलं तोंड' हे शब्द कुठून आले, ते तिला माहीत होतं. बाबांची कवळी तिनं केली होती, लॅबमध्ये तिसऱ्या वर्षाला असताना, तिनं स्वतःच्या हातानं पूर्ण केलेली पहिली कवळी. बाबा ती घालून आरशात बघून म्हणाले होते, "हा कोण तरुण माणूस?" पुढं अकरा वर्षं त्यांनी ती वापरली. मग दवाखान्यात बाबा गेले ती दुपार. नर्सनं कागदी पेल्यात कवळी तिच्या हातात दिली आणि पडदा ओढून गेली. दादा दारात आला. त्यानं पलंगाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हे बाबा नाहीत." इतकं साधं म्हणाला, जसं पत्ता चुकलाय. मग तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. ती एकटी होती. तिनं कवळी लगेच बसवली नाही. बसवायला हवी होती, वेळ गेला की जबडा ऐकत नाही, पण आधी तिनं दहा मिनिटं तो चेहरा बघितला. आत गेलेले ओठ, वर आलेली हनुवटी, आणि त्यात काहीतरी असं जे कवळीनं अकरा वर्षं झाकून ठेवलं होतं: हट्ट. बाबा हट्टी होते, हे त्यांच्या तोंडावर कधी दिसलंच नव्हतं. मग तिनं कवळी बसवली, हनुवटी धरून ठेवली, आणि लोक आले तेव्हा म्हणाले, झोपल्यासारखे दिसतात. दादाही आला आत तेव्हा. त्या दहा मिनिटांबद्दल ती कुणाशी कधी बोलली नाही. बोलण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंच नव्हतं, आज या फुटपाथवर चालेपर्यंत.

तिनं ठरवलं. ठरवताना ती डळमळली नाही. फार तर दुकानाच्या काचेसमोर क्षणभर थांबली आणि आपलाच वरचा ओठ बोटानं चाचपून बघितला. मूळ वस्तू हातात धरून प्रयोग करायचे नाहीत, हे लॅबमधलं पहिलं शिक्षण. तिनं चेहऱ्यावर ठशाचा रबरी लगदा दाबून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं, आणि बशीत चार पांढरे ॲडमिरल ओळीनं वाळत ठेवले. पहिल्याचा ओठ तिनं जास्त कापला. तो बिचारा रडका दिसायला लागला. दुसरा म्हातारा झाला पण कुणीही म्हातारा. तिसऱ्याच्या वेळी तिला कळलं की ओठ कापण्यापेक्षा हनुवटी उचलण्यात सगळं आहे, दात नसलेला माणूस तोंड मिटतो तेव्हा खालचा जबडा वरच्याला शोधत जातो. चौथ्यावर ती दोन सकाळी काम करत राहिली. मग मूळ चेहरा. प्लास्टिकची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, त्यामागे पोकळी. आरपार गेलं तर बदली भाग जगात कुठे मिळणार नव्हता. तिनं आधी आतून पुट्टी भरली, एक दिवस वाळू दिली, आणि छोट्या मोटरला मोहरीएवढं पातं लावून ओठावर टेकवलं. पांढरी भुकटी उडाली. श्वास तिनं रोखला नव्हता, रोखायची गरज नव्हती. तीस वर्षांत हाताला श्वासासकट स्थिर राहायची सवय झालेली. ओठ आत गेला. कोपऱ्यात घडी उतरली. नाकाखाली किंचित पुट्टी, हनुवटीवर तांदळाच्या दाण्याएवढी, ओल्या ब्रशनं ओढून घेतलेली. नऊ वाजता लॅबला जायचं म्हणून ती उठली, आणि दारातून मागे वळून बघितलं तर ओट्यावरून ॲडमिरल तिच्याकडे बघत होता, आणि त्यानं बर्फातून माणसं परत आणली असतील यावर तिचा विश्वास बसला. खोक्यावरच्या त्या देखण्या माणसानं आणली असती, यावर बसला नव्हता.

पुढल्या आठवड्यात सगळे भाग एकत्र आले. जोड भरले, घासले, पुन्हा धुतले, आणि रंग धरायला लागतो तो करड्या अस्तराचा हात तिनं गॅलरीत पाठीवर वारा घेऊन फवारला. करड्या रंगाखाली प्लास्टिक, पुट्टी, जुनं-नवं सगळं एक झालं. आता तो एक माणूस होता. रविवारी ती त्याला घेऊन गेली, तेव्हा दादाकडे पाहुणा बसलेला होता. दादाच्या छंदमंडळाचा सेक्रेटरी, गुबगुबीत, हसरा, दादाला "सर" म्हणणारा. वहिनीनंच बोलावलं होतं, यांचं मन रमावं म्हणून. धाकटीनं पुतळा टेबलावर ठेवला, त्यावरचा रुमाल काढला, आणि चहाला मदत करायला आत वळली. मागून तिला सेक्रेटरीचा आवाज ऐकू आला.

"सर! हे काय केलंत तुम्ही! हे तोंड! असं काम मी आपल्या मंडळात पाहिलेलं नाही. आणि लोक म्हणतात सरांचा हात गेला!"

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. वहिनीही थांबली, हातात साखरेचा डबा. दादानं पुतळ्याकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली. "हं," तो म्हणाला. "वेळ लागला."

सेक्रेटरीनं खिशातून प्रदर्शनाचा फॉर्म काढला आणि गुडघ्यावर ठेवून भरला. दोन महिन्यांनी प्रदर्शन होतं. तो दादाचं नाव लिहीत असताना धाकटीनं चहा त्याच्यासमोर ठेवला आणि साखर किती विचारली. परक्या माणसासमोर दादाला उघडं पाडणं तिला जमणारं नव्हतं. पुतळा तिथंच ठेवून ती घरी गेली.

सोमवारी फोन झाला नाही. मंगळवारीही नाही. ओटा रिकामा होता, उजेड नुसताच पडत होता. लॅबमध्ये तिनं एक पूर्ण कवळी संपवली आणि ती घासताना तिच्या मनात आलं, की आपण आयुष्यभर नाव नसलेलं काम केलं. कवळी कवळी म्हणून ओळखू आली तर काम फसलं. जितकं चांगलं, तितकं कुणाला न कळणारं. याचा तिला अभिमान होता आणि आजही होता. मग एक प्लास्टिकचा बाहुला दादाच्या नावावर गेला तर काय बिघडलं? त्याचे हात गेलेत. त्याला देऊन टाकावं. मन असं म्हणत होतं, आणि बोटं कवळीवर गोल गोल फिरत होती, आणि मग बोटं थांबली. दिलं असतं. पण त्यानं मागितलं नव्हतं. बुधवारी लॅबमधून ती थेट दादाकडे गेली.

तो टेबलासमोर बसला होता, पुतळा त्याच्यापुढे. वहिनी वर्तमानपत्र वाचत होती. तिनं ते खाली ठेवलं नाही, पण पानही उलटलं नाही.

"फॉर्मवरचं नाव बदलायला सांग," धाकटी म्हणाली.

"त्यानंच लिहिलं. मी लिहायला सांगितलं नव्हतं."

"नको म्हणूनही सांगितलं नाहीस."

"तुला काय करायचंय त्या नावाचं?" दादाचा आवाज चढला. "तिथं तुला कोण ओळखतं?"

"म्हणूनच."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिप्-पिप् बराच वेळ चालली. ती थांबल्यावर दादा म्हणाला, "तीस वर्षं जातोय मी तिथं. पुढच्या वर्षी जिना चढता येईल की नाही, सांगता येत नाही. वाटलं, एकदा अजून. त्या टेबलावर एकदा अजून माझं काहीतरी असावं."

धाकटी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "हे तू मला आधी म्हणाला असतास तर मी देऊन टाकलं असतं, दादा. खरंच. आता नाही देणार. कोटाचा क्रम तू सांगितलास, एकेचाळीस आणि त्रेचाळीस तू सांगितलंस, ते मी सगळ्यांना सांगेन. पण तोंड माझं आहे."

दादानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. "पहिल्या दिवशी बघवलं नाही मला," तो म्हणाला. "तू गेल्यावर रोज बघतोय. बाबांचं आहे."

"ॲडमिरलचं आहे. पण मला ते तिथूनच माहीत आहे."

"मी बाहेर उभा होतो."

"माहीत आहे."

"तू एकटी होतीस आत."

"होते. दहा मिनिटं. आवडले मला ते तसे." हे ती पहिल्यांदाच म्हणत होती, आणि म्हणणं सोपं निघालं. "फार हट्टी दिसत होते."

दादा हसला. हसताना त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते थरथरत्या हातानंच पुसायचा प्रयत्न केला. कपाळ, भुवई, कान, हात सगळीकडे गेला. वहिनीनं पेपर बाजूला ठेवून पदरानं त्याचा चेहरा पुसला आणि जसं काही झालंच नाही अशी परत बसली. "फोन दे," तो वहिनीला म्हणाला. डाव्या हातानं त्यानं नंबर लावला, तीनदा चुकून. सेक्रेटरीचा आवाज खोलीभर आला.

"ते मी केलेलं नाही," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीनं केलंय. रविवारी चहा दिला ना तुम्हाला, तिनं."

"थट्टा करताय, सर."

"माझ्या हातात चमचा टिकत नाही. तुम्हाला खरंच वाटलं मी केलं?"

सेक्रेटरी म्हणाला, "वाटलं नव्हतं, सर. वाटून घेतलं." आणि पेन शोधत, "बाईंचं पूर्ण नाव सांगा. नीट लिहून घेतो."

रंगाला पाच आठवडे लागले. निळा कुठला, याच्यावर दोनदा वाद झाले. एकदा दादा जिंकला, एकदा ती. प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. लांब टेबलांवर पांढरं कापड, त्यांवर शेकडो इंचभर आणि वीतभर माणसं, आणि भिंगं घेऊन वाकलेले लोक. दादाला चौघांनी खुर्चीसकट वर आणलं होतं, आणि तो ॲडमिरलच्या टेबलाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला लढायांच्या तारखा सांगत होता. कार्डावर तिचं नाव होतं. खाली, तिच्या सांगण्यावरून, माहिती दिल्याबद्दल त्याचं. दुपारी परीक्षक आल्या, काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्क बाई. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा खोका माझ्याकडेही होता. तोंड असं नव्हतं. हे का बदललं?"

आजूबाजूचे सात-आठ जण थांबले. दादानं तोंड उघडलं, बोट वर केलं, आणि मग ते बोट हवेत थरथरत धाकटीकडे वळलं. "तिला विचारा," तो म्हणाला, आणि पायांनी रेटून त्यानं आपली खुर्ची मागे घेतली, टेबलापाशी एका माणसाला उभं राहता येईल इतकी.

ती त्या जागेत जाऊन उभी राहिली. इतक्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. पण जबड्यांबद्दल बोलायचं होतं, आणि त्याबद्दल तिला भीती वाटण्याचं काही कारण नव्हतं. तिनं करंगळी ॲडमिरलच्या नाकाखाली नेली, न टेकवता.

"वरचे दात गेले की माणूस आधी ओठ सांभाळतो," ती म्हणाली. "हसताना हात घेतो तोंडावर, फोटोत मान वळवतो. हे असं पाच-सहा वर्षं चालतं. मग एक दिवस तो ते सोडून देतो. त्यानंतरचं तोंड आहे हे. या इथं बघा, खालचा जबडा वर गेलाय..."

मागचे लोक पुढे सरकले. परीक्षक बाईंनी भिंग डोळ्याला लावलं, आणि धाकटी बोलत राहिली.